पॉइंट काढायचाय? आधी लावून दाखवा!

समजा, तुमच्या हाती १९६८ सालची एमजीबी आली. समजायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे बिनधास्त समजा. दोन सीटची, छत मागे दुमडणारी, गडद हिरव्या रंगाची अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तुम्ही चावी फिरवली, सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकलं, एकदा फटाका फुटल्यासारखं 'फट्ट' केलं आणि गप्प झालं. आता काय कराल?

सल्ला द्यायला दोन प्रकारची माणसं लगेच धावून येतील. पहिले 'ओरिजिनल'वाले. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून जशी निघाली तशीच ठेवा, एक स्क्रूसुद्धा बदललात तर पाप लागेल. दुसरे 'बदलून टाक'वाले. कुठल्या जमान्यात राहतोयस, तो पॉइंट फेकून दे, इलेक्ट्रॉनिक किट बसव, दोन वायरी जोडल्या की विषय संपला.

माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन जरूर बसवा, खुशाल बसवा. पण ज्या दिवशी तुम्हाला जुना पॉइंट स्वतःच्या हाताने लावता येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी बसवा. आदल्या दिवशी नको. ही काही हौशी लोकांची अट नाही. गाडी तुमची आहे की तुम्ही फक्त तिचे ड्रायव्हर आहात, हे यावरून ठरतं.

हा पॉइंट करतो तरी काय?

ज्यांनी कधी बॉनेट उघडलंच नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते. बॅटरी देते १२ व्होल्ट, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला लागतात हजारो व्होल्ट. ही उडी मारायचं काम कॉइल करते. कॉइलमधून करंट वाहत असतो, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार झालेलं असतं. तो करंट अचानक तोडला की क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात एकदम प्रचंड व्होल्टेज उसळतं. तेच प्लगपर्यंत जातं.

म्हणजे सगळी गंमत करंट 'तोडण्यात' आहे. तो तोडतो पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसलेले दोन छोटे धातूचे ठिपके. मधला दांडा फिरतो, त्याच्यावरचे चार उंचवटे एकामागून एक पॉइंटला ढकलतात, पॉइंट उघडतो, ठिणगी पडते. शेजारी एक छोटासा कंडेन्सर असतो. पॉइंटच्या तोंडावर ठिणगी उडून तो जळू नये आणि करंट झटक्यात तुटावा, ही त्याची ड्युटी. मग रोटर ते व्होल्टेज चारपैकी योग्य त्या प्लगच्या वायरीकडे पाठवतो. एमजीबीत हा क्रम १-३-४-२ असा आहे.

ही कल्पना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनीअरची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये त्याची बॅटरीवरची इग्निशन आली, आणि दोनच वर्षांनी त्याच कंपनीच्या गाडीत त्याचा इलेक्ट्रिक सेल्फही आला. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच युक्तीवर धावल्या. एमजीबी, ट्रायम्फ, जॅग्वार, आपली फिएट, आपली ॲम्बॅसॅडर, सगळ्यांच्या पोटात हेच.

तक्रार खोटी नाही

आता एक हिशेब करू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. एमजीबी टॉप गिअरमध्ये या आरपीएमला साधारण ताशी ८५ किलोमीटरने धावते. म्हणजे १०० किलोमीटरच्या प्रवासात तो इवलासा पॉइंट चार लाखांहून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. कोणाचंही अंग झिजेल.

पॉइंटचंही झिजतं. दांड्यावर घासणारी त्याची टाच झिजली की गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो. पॉइंट उशिरा उघडला की ठिणगी उशिरा पडते. टायमिंग मागे सरकलं की गाडी मंदावते, तापते, पेट्रोल पिते. हे सगळं एका दिवसात होत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. वयाप्रमाणे हळूहळू येतं. जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये हा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावा लागतो. एवढ्याशा फटीवर अख्खी गाडी अवलंबून.

इलेक्ट्रॉनिक किट या झिजण्यावर उत्तर आहे. पॉइंटच्या जागी एक सेन्सर बसतो. काही किटमध्ये रोटरखाली चुंबकांची चकती फिरते आणि सेन्सर तिच्याकडे 'बघून' करंट तोडतो, काहींमध्ये हे काम प्रकाशाच्या किरणावर चालतं. कशालाच काही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. एकदा लावलेलं टायमिंग जागेवर राहतं. थंडीत गाडी पटकन स्टार्ट होते, आयडलिंग स्थिर राहतं. हा फायदा खराच आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

पण किट विकणारे पुढे जाऊन 'पॉवर वाढते' असं जे सांगतात, ते अर्ध्या मनाने ऐका. पॉइंट नीट लावलेला असेल, कॉइल आणि प्लग धड असतील, तर साध्या रस्त्यावर चालवायच्या गाडीत किटमुळे नवे घोडे येत नाहीत. झिजलेल्या पॉइंटमुळे पळून गेलेले घोडे परत येतात, इतकंच. पळालेले घोडे परत येणं आणि नवे घोडे विकत घेणं, यात फरक आहे की नाही?

कंपनीनेही करून पाहिलं होतं

'ओरिजिनल'वाल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. हे अपग्रेड आजच्या पोरांचं खूळ नाही. जॅग्वारने १९७१ च्या व्ही-१२ ई-टाइपमध्ये लुकासची 'ओपस' ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या अमेरिकी गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन स्टँडर्ड केली. आणि १९७५ च्या सुमारास अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबीतही ओपस आली. तिथे प्रदूषणाचे नियम कडक झाले होते, पॉइंट झिजला म्हणून टायमिंग सरकलं, हे कारण चालणार नव्हतं.

मग झालं काय? एमजीबीच्या ओपसमध्ये इलेक्ट्रॉनिक्स थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगातच कोंबलेली होती. इंजिनाला खेटून. गरम इंजिन, थरथर आणि सत्तरच्या दशकातले ट्रान्झिस्टर. गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या. लुकासला विनोदाने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायची पद्धत इंग्रजी गाडीवेड्यांत आहेच, ओपसने त्यात भर घातली. आणि खरी मजा पुढे आहे. अनेक मालकांनी ते आधुनिक इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर काढून पुन्हा पॉइंटवाले बसवले! ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या एमजीबी तर १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत पॉइंटवरच धावल्या.

यातून दोन्ही पार्ट्यांनी शिकावं. 'नवं ते चांगलं' हा नियम नाही, आणि 'कंपनीचं ते पवित्र' हाही नाही. आजची किट ओपसपेक्षा कितीतरी चांगली आहेत, हे मान्य. पण आजचा डबाही तसाच गरम इंजिनाशेजारी बसणार आहे, हे विसरू नका.

डबा बसवण्याआधीची परीक्षा

आता माझी अट कशासाठी, ते सांगतो. 'दोन वायरी जोडा, झालं' हे वाक्य जितकं सोपं, तितकंच महागात पडणारं आहे. किट घेण्याआधी खालच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला देता यायला हवीत.

तुमच्या गाडीचं अर्थिंग कुठलं? एमजीबी १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं 'प्लस' टोक बॉडीला. नंतर निगेटिव्ह अर्थ आलं. त्यात मधल्या पन्नास-साठ वर्षांत एखाद्या मालकाने ते उलटं करून घेतलेलं असू शकतं. किट चुकीच्या अर्थवर जोडलं, तर चावी फिरवायच्या क्षणी ते जळतं. पॉइंटला असल्या गोष्टींचं सोयरसुतक नसतं, इलेक्ट्रॉनिक्सला असतं.

तुमची कॉइल किती ओहमची? जुन्या १२ व्होल्टच्या साध्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ओहम, म्हणजे तिच्यातून फार तर ४ अँपिअर करंट जाणार. नंतरच्या गाड्यांत दीड ओहमची कॉइल आणि तिच्याआधी वायरिंगमध्ये लपवलेला बॅलास्ट रेझिस्टर. ती दीड ओहमची कॉइल कोणी थेट १२ व्होल्टवर जोडली, तर करंट दुप्पट. अनेक साधी किट तो सोसू शकत नाहीत. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणि शाळेतला ओहमचा नियम, एवढ्यावर हजारो रुपयांचं किट वाचतं. दहावीत 'याचा पुढे काय उपयोग' असं विचारलं होतंत ना? हा घ्या.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा हलतो का? टोपी काढा, दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवा. खुळखुळत असेल तर आतला बुश झिजलाय. डिस्ट्रिब्युटरच्या आत वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि स्प्रिंगा असतात. कडेला व्हॅक्यूमवर चालणारा पडदा असतो. स्प्रिंग सैल पडली असेल किंवा पडदा फाटला असेल, तर वरचा पॉइंट बदलून काही होणार नाही. आजार एकीकडे, औषध दुसरीकडे. किट बसवूनही गाडी तशीच मरगळलेली, आणि शिव्या खातो तो किटवाला.

रोटर, टोपी, प्लगच्या वायरी तपासल्या का? किट यातलं काहीच बदलत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांच्या रोटर आणि कंडेन्सरमध्ये हलका माल खूप आहे. रोटरमधल्या रिव्हेटमधून करंट खाली दांड्यात गळायला लागला, की तुमचं महागडं किट ठिणगी तयार करत राहतं आणि ती भलतीकडेच जाते.

आणि शेवटचं. इंजिन बंद असताना चावी 'ऑन'वर ठेवून गाणी ऐकायची सवय आहे का? साधं किट आणि कॉइल दोन्ही तापून जाऊ शकतात.

बघा, हे सगळे प्रश्न तुम्हाला केव्हा सुचतील? ज्याने एकदा तरी पॉइंट लावला आहे, त्याला आपोआप सुचतील. कारण पॉइंट लावताना तुम्ही टोपी काढता, रोटर हातात घेता, दांडा हलतोय हे बोटांना कळतं. ज्याने थेट किट बसवलं, त्याच्यासाठी डिस्ट्रिब्युटर म्हणजे अजूनही एक काळं गूढच.

बंद पडायच्या दोन तऱ्हा

पॉइंट आजारी पडतो तेव्हा आधी सांगतो. गाडी मिसिंग मारते, सकाळी उशिरा उठते, चढावर दम खाते. घरातल्या आजोबांसारखा कुरकुर करतो, पण अचानक सोडून जात नाही. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल वर्षानुवर्षं तक्रार करत नाही आणि एका दुपारी निरोपही न घेता जातं. मग तुम्ही स्कॉटलंडच्या डोंगरात असा की आपल्या आंबा घाटात, ते उघडून दुरुस्त करता येत नाही. ते फेकायचंच असतं.

पॉइंट मात्र रस्त्याच्या कडेला उठवता येतो. तोंड काळं पडलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. फिलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घाला, त्याची जाडी साधारण तेवढीच भरते. घरापर्यंत पोचाल. टायमिंगसुद्धा एका १२ व्होल्टच्या बल्बवर लावता येतं. बल्ब पेटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडला तो क्षण.

म्हणून माझा सरळ तोडगा असा. किट बसवताना जुनी प्लेट फेकू नका. पॉइंट आणि कंडेन्सरसकट, गॅप लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिक्कीत ठेवा. सोबत एक स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज. डबा दगा देईल त्या दिवशी वीस मिनिटांत गाडी पुन्हा केटरिंगच्या युक्तीवर धावेल. पण ही प्लेट डिक्कीत असून उपयोग केव्हा? ती बसवता येत असेल तेव्हाच. नाहीतर ती नुसतं वजन.

'ओरिजिनल' म्हणजे नक्की काय?

आता पहिल्या पार्टीचं उरलंसुरलं समाधान करू. ऐतिहासिक वाहनांची 'फिवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते. तिच्या ट्युरिन चार्टरचा सूर साधा आहे: जुनं शक्य तितकं जपा, बदल करावाच लागला तर त्याची नोंद ठेवा आणि तो पुन्हा मागे नेता येईल असा करा. टोपीखाली बसणारं किट यात चपखल बसतं. दोन स्क्रू काढले की गाडी पुन्हा १९६८ मध्ये. डिस्ट्रिब्युटरच काढून टाकून क्रँकवर सेन्सर आणि लॅपटॉपवरून टायमिंग, हा प्रकार मात्र वेगळा. वाईट नाही, पण मग 'क्लासिक जपतोय' असं म्हणताना जरा आवाज खाली ठेवा.

आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेतला नंबर, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. म्हणजे मूळ रूप जपणं ही आता हौसेपुरती गोष्ट राहिलेली नाही, कागदावरही आली आहे. पुढे कधी असली गाडी घ्यायचं स्वप्न असेल तर जुना भाग सांभाळून ठेवायचं आणखी एक कारण मिळालं.

आपला काय संबंध?

'एमजीबी काय आपल्या दारात उभी आहे?' असं म्हणाल. बरोबर. जगभर पाच लाखांहून जास्त बनल्या, पण आपल्याकडे मोजक्याच. तुमच्यापैकी कोणी कॉव्हेंट्रीत किंवा जर्मनीत ऑटोमोटिव्ह शिकायला गेलात तर गाठ पडेल, एरवी रॅलीतच दर्शन.

पण पॉइंट आपल्या दारात होता. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी त्याच्यावरच वाढली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना फिलर गेजची गरज नव्हती, डोळ्यांनी गॅप ओळखणारे होते. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आपण फोटो टाकले, हळहळलो. गाडीबरोबर बोटांतली एक अख्खी विद्या निवृत्त झाली, त्याच्यावर मात्र कोणी फारसं बोललं नाही. ती विद्या कुठल्याही पुस्तकात पूर्ण लिहिलेली नाही. ती असलेली माणसं मात्र अजून आहेत. तुमच्या गावातल्या जुन्या गॅरेजमध्ये, स्टुलावर बसून चहा पीत. 'पोरं येत नाहीत हो शिकायला' म्हणत.

मला खरी काळजी याची आहे. आपली पिढी वस्तू बदलायला शिकली, उघडायला विसरली. मोबाइल चिकटवून बंद केलेला, इअरबड फेकायचाच. 'दुरुस्त होत नाही, नवीन घ्या' हे ऐकून ऐकून आपल्याला ते खरं वाटायला लागलंय. जुनी गाडी ही असल्या मोजक्या वस्तूंपैकी एक, जी अजून म्हणते, 'उघड मला, काही होत नाही.' तिच्यात पहिल्याच दिवशी बंद डबा बसवायचा, तर मग जुनी गाडी घेतली कशाला?

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. काकांची पॉइंटवाली बुलेट असेल, आजोबांची प्रिया स्कूटर, शेजाऱ्यांची येझदी, नाहीतर कोणाच्या अंगणात कव्हराखाली झोपलेली पद्मिनी. मालकाची परवानगी घ्या, जुन्या मिस्त्रींना चहा पाजा आणि पॉइंट लावायला शिका. फिलर गेज फार महाग नाही, एका पिझ्झापेक्षा स्वस्त पडेल. आणि मुलींनो, 'गॅरेजमध्ये तुझं काय काम' असं कोणी म्हटलं, तर त्याला सांगा, फिलर गेजला मुलगा-मुलगी कळत नाही, फक्त मिलिमीटर कळतात.

पहिल्या वेळी गॅप चुकेल, गाडी फटफट करेल, हात काळे होतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी इंजिन एका दमात उठेल आणि तुम्हाला नेमकं ठाऊक असेल, का उठलं ते. त्यानंतर हवं ते किट बसवा. चांगलं बघून घ्या, ओहम मोजून घ्या, जुनी प्लेट डिक्कीत टाका आणि निघा.

ठिणगी कशानेही पडू दे, पॉइंटने नाहीतर चुंबकाने. ती का पडते हे कळणारं माणूस गाडीत बसलेलं असलं म्हणजे झालं.